कापलेली ओवी

— नाही रे मंजुनाथ, आता नाही थांबवता येत. बस की, कुत्को, बस. अळणावरहून एवढा आलास ते तुझ्या आईची ओवी रेडिओवरनं काढा म्हणून सांगायला? अरे, हुबळी-धारवाडात ज्याच्या त्याच्या फोनवर तीच आहे! तुझ्या आईला, जनाबाईला, मी काय बांधून आणलं होतं? बोलावली, आली, गायली — म्हणजे रेकॉर्डिंगला नाहीच गायली म्हणा. लाल दिवा लागला की बाईचा घसाच सुकायचा. तीनदा घेतलं, तीनदा वाया. मग मीच दिवा बंद केला, म्हटलं, झालं अक्का, संपलं, चहा घ्या. माईक? माईक चालूच होता — असतोच रे, वीस वर्षं हेच करते मी, संपलं म्हटल्यावरच माणसं खरं बोलतात. म्हटलं, तुमच्या लेकीला, रूपाला, काय झालं होतं हो? बस्स. कप खाली ठेवला नि गायलाच लागली — लेक तापानं फणफणली, दारात गाडी उभी, सासरच्यांनी दवाखाना दाखवला नाही, लेक गेली — डोळे मिटून, एका दमात. काटा आला अंगावर, देवाशप्पथ. मग हात जोडले तिनं — कुठं लावू नका अक्का, नात त्यांच्याकडं आहे. नाही लावत, म्हटलं मी. म्हणावं लागतं.

आता नातीला भेटू देत नाहीत त्याला मी काय करू? — शेवटची ओवी? ती कुणी सांगितली तुला, आईनं? — होती. लेक दोनदा पळून आली, दोन्ही वेळा मीच माघारी पोचवली, मीच मारली — असलं काहीतरी. कापली मी. ऐकणाऱ्याला शिव्या द्यायला एक घर लागतं, त्यात आईच गुन्हेगार निघाली तर रडायचं कुणासाठी? — ती ऐकली असती तर सासरचे निवळले असते म्हणतोस? असतील. पण नाही ती आता. पुसली. हे बघ, इथं रडू नको. उद्या सकाळी परत लावतोय, मागणी आहे लोकांची. आणि ऐक — नातीला तुमच्या दारातनं त्यांनी परत नेलं म्हणालास ना, मघाशी? त्यावर जनाबाई काही ओवी-बिवी म्हणते का रे घरात? भाकरी थापताना, एकटी असताना? आण की तिला एकदा, नुसती चहाला — अरे, उठलास का? बस. मंजुनाथ? — बरं, जा. जाताना दार ओढ.