पट्टी हलतेय का, बघा

नाही नाही, शेपटीला नाही धरायचं — इथे, पंखांच्या मागून पोटाखाली हात घाला, आणि पुढच्या पात्यासमोर येऊ नका — मोटर बंद आहे, पण बंद आहे म्हणणाऱ्यांचीच बोटं जातात. हां, असं. तुम्ही आपले सहज फिरायला आलात आणि मी तुम्हाला कामाला जुंपलं, रागावू नका. एकानं विमान धरायचं, एकानं रिमोट घेऊन लांब जायचं, आणि मी आपला दोघांच्या मधे. तो गाडीपाशी उभा आहे ना, तो माझा दादा. थोरला भाऊ. विमान त्याचं, त्यानंच बनवलंय. आधी रिमोट चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची, बंद करताना उलटं — हे मला त्यानंच शिकवलं, आणि अजून दर वेळी विचारतो, आधी काय रे? मी सांगतो. या वयात सांगतो, काय करणार.

आता बघायचं एवढंच — तो तिकडून रिमोटची दांडी हलवेल, तेव्हा पंखाची ही मागची पट्टी हलली पाहिजे, आणि त्यानं थांबवलं की पट्टीनं गप्प बसलं पाहिजे. गप्प म्हणजे गप्प. दर रविवारी इथेच घोडं पेंड खातं. पट्टी थरथरते. मी म्हटलं, पट्टी ओढणारी ती आतली छोटी मोटर खराब असेल — बदलली. मग वायर बदलली, मग बॅटरी, मग पुन्हा मोटर. दुकानदार कंटाळला मला. आणि रिमोट माझ्या हातात असला ना, की हीच पट्टी एकदम शहाणी. हो — माझ्या हातात. असे बघू नका माझ्याकडे. मला काय कळत नाही?

दातांचा डॉक्टर आहे तो. माझी अक्कलदाढ त्यानंच काढली, मला कळलंसुद्धा नाही. आता दवाखाना बंद केलाय — पाठ दुखते म्हणतो, आणि आम्ही सगळे पाठीला तेल सुचवतो. वहिनी त्याला चहा अर्धाच कप देते, तो म्हणतो, मी चहा कमी केलाय, ती म्हणते, बरं केलंत. अख्खं घर असं चाललंय. त्याचं म्हणावं असं हे विमान तेवढं राहिलंय. पंखावरच्या कागदाला सुरकुत्या आहेत — त्या तुम्हाला दिसल्या नाहीत, बरं का.

मी उडवू शकतो हो, न उडवायला काय झालं. पण या मैदानावर पहिलं उड्डाण बनवणाऱ्याचंच, आणि ही रीत पाडली कोणी? त्यानंच. आता कुंपणापलीकडे बघा, माणसं बसलीत, पोरं खेळतायत. त्याच्या हातानं हे वर गेलं तर कोणाच्या डोक्यावर उतरेल, देव जाणे. आणि दादा, तुझे हात थरथरतात, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? इकडे आड तिकडे विहीर. म्हणून दर रविवारी म्हणतो, दादा, मोटर खराब दिसतेय, आज नको. तो म्हणतो, बरं. आजही तेच सांगायचं, तुम्ही फक्त मान हलवा — परक्या माणसाचं ऐकेल तो.

थांबा, हात वर केला त्यानं. रिमोट चालू झाला, मी इकडे बॅटरी जोडतो — हां, जोडली. बघा पट्टीकडे — नाही, तुम्हीच सांगा मला, माझ्यानं बघवत नाही. थरथरतेय ना? नाही? नीट बघा हो. अजिबात नाही? सरका जरा — अरे, खरंच की. गप्प आहे. म्हणजे मोटरच खराब होती की काय, बघा, आणि मी उगाच त्याच्याबद्दल नाही नाही ते — दादा, हलव ना! डावीकडे घे!

हलवत का नाहीये तो. रिमोट कुठाय? हातात नाही — गाडीच्या बॉनेटवर ठेवलाय. हात खिशात घालून उभा आहे. मानेनं खुणावतोय. रिमोटकडे, आणि — आणि माझ्याकडे.

द्या ते इकडे. त्याच्याआधी मी नाही उडवायचा. आधी विमानाची बॅटरी काढायची, मग रिमोट बंद — द्या हो, मी करतो. तुम्ही जा आता. फिरायला आला होतात ना, जा.