साहेबांसमोरची खुर्ची

जामबागच्या फोटो स्टुडिओत सत्यवतीबाई नातीचे फोटो न्यायला आल्या होत्या. बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती, पासपोर्ट फोटो तयार व्हायची वाट बघत. तिचे वडील समोर उभे राहून तिची उद्याच्या मुलाखतीची तयारी करून घेत होते.

"साहेबांच्या केबिनमध्ये गेल्यावर काय करायचं?"

"गुड मॉर्निंग म्हणायचं. बसा म्हटलं की बसायचं."

"म्हटलं तरी बसायचं नाही! मी साहेबांच्या पेशीत, त्यांच्या ऑफिसात स्टेनो म्हणून, एकतीस वर्षं काढली. डिक्टेशनसुद्धा उभ्यानं घेतलं."

"बाबा, ही परदेशी कंपनी आहे. इथं एक्झिक्युटिव्ह असिस्टंट मीटिंगमध्ये साहेबांच्या बाजूला बसून लिहून घेते."

"बाजूला? खुर्चीवर?"

"हौ, खुर्चीवर."

"आणि साहेब चालवून घेतात?"

"तेच सांगतात बसायला. तुम्हाला कधीच कुणी बसा म्हटलं नाही?"

"म्हटलं की. रिटायर झालो त्या दिवशी."

"मग बसलात?"

"कसा बसणार? हातात त्यांच्या सहीची फाइल होती."

सत्यवतीबाई पिशवी मांडीवर घेऊन जरा सरकल्या.

"भाऊ, जागा आहे. बसा ना."

"नक्को, नक्को. बरा आहे मी."

"बाबा, मग उद्या मी काय करू? उभीच राहू?"

वडिलांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"अजिबात नाही. खुर्ची ओढून घ्यायची. आणि पाठ टेकून बसायचं."