काचेवरचं कुंकू

श्रोतेहो, जरा जवळ सरका. नवागामात घासलेटच्या रांगेत कानी पडलेलं आख्यान सांगतो.

"सुकदेवभाऊ, चाळीत सगळ्यांत मोठा टीव्ही तुमचाच म्हणे!"

"हो केशरमावशी. सगळ्यांना सिनेमा दिसावा म्हणून रुंद काच निवडली. पूजेला बायकोने तिच्या मधोमध कुंकू लावलं, तेही तेलात कालवून! आता हिरो, गुंड, हवालदार, सगळे सवाष्ण!"

"मग पुसा की!"

"मी शहाणा उठलो फडकं घेऊन. तेवढ्यात सिनेमात विधवा आली. तिच्याही कपाळी कुंकू! आमची सुभद्राताई, मेहुणे गेल्यापासून मोकळ्या कपाळाची, म्हणाली, 'राहू दे रे भाऊ, शोभतंय तिला.'"

"मग?"

"मग काय, त्या फडक्याने स्वतःचंच तोंड पुसलं. मावशी, शुक्रवारी तुमच्याकडे हळदीकुंकू ना? आमच्या ताईची आठवण ठेवा."