गॅसचा काटा खाली

...अवो, जन्मात समुद्र बघितला न्हाय मी! कुंभारी गावचा माणूस, आमच्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि तुमाला सांगतो, माझं काम बुडवलं कुणी? जहाजानं!

मी सिद्धराम. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल रंगवायच्या कारखान्यात बॉयलर बघतो. पाइपातल्या गॅसवरचा. त्या दिवशी सकाळी टाकीत लाल रंग, रंगात पाचशे टॉवेल, वाफ सोडली... आणि गॅसचा काटा खाली! टिचकी मारली. आणखी खाली!

मालकांनी गॅसवाल्यांना फोन लावला. तिकडं मॅडम, आवाज गोड, दवाखान्यात वाईट बातमी सांगतात तसा. "सर, गॅसचं जहाज निघालं होतं, पण विकणाऱ्या देशानं निर्यात आवरती घेतलीय. त्यांच्याकडं थंडी आहे ना! आधी त्यांची घरं, उरलं तर जास्त भाव देणारे..."

"अन् आमी?"

"आपणही यादीत आहात सर."

"कुटं?"

"...खाली."

त्यांना थंडी वाजती म्हणून आमची वाफ बंद, हाय का न्हाय कमाल? इकडं काटा खाली! टॉवेल निम्मे लाल, निम्मे गाजरी. पॅकिंगच्या बाळाबाई, सगळं घर एकटीवर, दर दहा मिनटाला, "सिद्धरामभाऊ, वाफ आली का वो?" न्हाय, बाळाबाई. दुपारी बाहेर बघतो तर शेजारच्या कारखान्याच्या धुराड्यावर कावळा. तापल्या धुराड्यावर कावळा बसतो व्हय? म्हंजी त्यांचाबी बॉयलर गार...

मग मालकांना आठवला जुना, लाकडावरचा बॉयलर! दोन वर्षांमागं मोडीत घातलेला. पळालो दोघं भंगारवाल्याकडं. त्यो पान चघळत म्हणतो, "वो? कबका कट को गया सेठ! बाहर देस! एक्स्पोर्ट!"

परत आलो. काटा खाली... आता शून्यावर. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "निरोप येईपर्यंत येऊ नका." बाळाबाईंनी एक ओला टॉवेल पिळला, दांडीवर टाकला, डबा उचलला अन् गेल्या. मागं वळून बघितलं न्हाय.

आज चौथा आठवडा. आणि ऐका, त्याच गॅसवाल्या देशात बॉयलरवाले पायजेत म्हणं! बायको म्हणली, "जावा की!" पासपोर्टच्या लायनीत हाय. सायेबांनी विचारलं, "कशासाठी चाललाय?"

म्हणलं, सायेब, गॅस आमच्याकडं यायला तयार न्हाय... तवा मीच गॅसकडं निगालोय.