हँडलची ट्रायल

भाऊजी : हळू, वहिनी! ती ब्रेक ऑइलची डबी उभीच धरा. आडवी झाली की आत हवा शिरते, मग ब्रेक नुसता दाबत बसायचं, गाडी काही थांबत नाही.

वहिनी : धरलीय हो उभी. दिवसभर गिऱ्हाइकांचे हात वर धरून मापं घेते मी, ही एवढीशी डबी मला जड होणार होय? तुम्ही पाना चालवा. हे हाताच्या व्यायामाला गेलेत तोवर झालं पाहिजे. संध्याकाळी तो बेकरीवाला गाडी न्यायला येणार आहे.

भाऊजी : दादाला कळलं ना, की त्याने विकायला काढलेल्या गाडीचं हँडल आपण बदलतोय, तर याच पान्याने बडवेल मला.

वहिनी : बडवू दे. एका हाताने बडवून बडवून किती बडवतील?

भाऊजी : अहो, काय बोलता!

वहिनी : मग काय रडत बसू? हे पंखा पुसायला स्टुलावर चढले, पडले, डावं कोपर मोडून घेतलं. आणि राग कुणावर, तर गाडीवर! स्टूल अजून घरातच आहे, आणि गाडी चालली बेकरीवाल्याकडे. हात सरळ होत नाही, हँडलपर्यंत पोचत नाही, म्हणून विकायची म्हणे. डॉक्टर काय म्हणाले? हात सैल ठेवून हँडल धरता आलं तर खुशाल चालवा. बाही लांब झाली तर आपण बाही कापतो, माणसाचा हात ओढत नाही.

भाऊजी : खरंय. आमच्या बस डेपोत तुमच्यासारखं एक माणूस हवं होतं. बरं, गोधडी नीट आहे ना टाकीवर? जुनं हँडल काढतोय. पाना निसटला तर टाकीला पोचा पडेल.

वहिनी : एक सोडून दोन गोधड्या आहेत. घ्या, हे नवं.

भाऊजी : हं. हे उंच आहे आणि मागे वळलेलं आहे, म्हणजे हाताशी येईल. आता हे वरचे चार बोल्ट. आधी पुढचे दोन पक्के, मग मागचे. या गाडीला पकडीची फट मागच्याच बाजूला राहिली पाहिजे. आणि अंदाजाने नाही आवळायचे, हा टॉर्क पाना मुद्दाम डेपोतून मागून आणलाय. ठरलेल्या जोराला पोचला की टक् करतो.

वहिनी : गाडी गेली की हे घरी बसणार, भाऊजी. गावोगाव फिरून दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस घरी बसला की काय होतं, ठाऊक आहे? परवा माझी शर्टाची बटणं तोलत बसले होते. म्हणे, यातलं एक हलकं आहे.

भाऊजी : होतं का?

वहिनी : होतं! तेच तर. चिडायची सोय नाही राहिली. हसले मी, आणि मग आत जाऊन डोळे पुसले.

भाऊजी : हं... द्या ती रबरी मूठ. नाही नाही, तेल नका लावू!

वहिनी : अहो, सरकन बसेल.

भाऊजी : सरकन बसेल आणि चालत्या गाडीवर सरकन फिरेलही. कोरडी पुसा, हा गोंद लावू... हं, बसली. आणि गोंद वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

दादा : कशाला हात लावायचा नाही?

वहिनी : अगंबाई! तुम्ही इतक्यात कसे आलात?

दादा : व्यायामवाल्या बाईंना ताप आलाय. छोट्या, हे काय चाललंय? माझ्या गाडीला शिंगं कुठून फुटली?

भाऊजी : मला काही विचारू नकोस. मी इथे नोकर आहे, मालकीणबाई या.

वहिनी : आलाच आहात तर बसा. स्टँडवर लावलीय, पडणार नाही. डावी मूठ अजून ओली आहे, तिथे नुसता हात टेकवा, आवळू नका.

दादा : अगं, बेकरीवाल्याला शब्द दिलाय मी.

वहिनी : शब्द तुम्ही दिलाय, मी नाही. बसा म्हणते ना!

दादा : बसतो बाई. उजवा हात... छान पोचतो. डावा... हे बघ. बोटांची टोकं नुसती. बघितलंस? म्हणून म्हणत होतो. झालं समाधान?

वहिनी : असं कसं? मी माप घेतलं होतं! तुम्ही झोपला होतात तेव्हा टेप लावून घेतलं, आणि तेवढंच दुकानात सांगितलं.

दादा : कोणत्या हाताचं?

वहिनी : उजव्या. शर्टाला उजवाच मोजतात ना.

भाऊजी : वहिनी! मोडलाय डावा!

वहिनी : आई गं! वीस-पंचवीस वर्षं उजवाच हात मोजतेय, टेप आपोआप तिकडेच गेली. हसू नका हो! अहो, तुम्हीसुद्धा?

दादा : हसू नको तर काय करू? गावभर सांगत असतेस, मापात माझा हात धरणारं कुणी नाही म्हणून!

वहिनी : भाऊजी, ते बोल्ट सैल करा. ट्रायलला कपडा तंग निघाला तर मी गिऱ्हाईक परत पाठवत नाही. हँडल मागे फिरवा, थोडं थोडं. अहो, खांदे पाडा. श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, पोटाचं माप नाही घेत मी. आणखी मागे... आणखी... बस. आता?

दादा : ...पोचला.

वहिनी : पूर्ण?

दादा : तळहात टेकला. कोपर वाकलेलं आहे, पण दुखत नाही. अगं, खरंच दुखत नाही!

भाऊजी : ब्रेकची डबी तिरकी झाली, ती परत सपाट करतो. बोल्ट पुन्हा आवळतो. हा टक्, हा टक्. आता इंजिन सुरू करू, न्यूट्रलमध्येच. हँडल सरळ, आवाज ठीक. उजवीकडे पूर्ण, ठीक. आता डावीकडे पूर्ण...

वहिनी : अहो, रेस कुणी वाढवली?

भाऊजी : कुणीच नाही. तेच बघत होतो मी. हँडल उंच झालं, रेसची वायर जुनीच. डावीकडे वळवलं की ओढली जाते. वळणावर गाडी आपोआप सुसाट सुटेल. बंद कर, दादा. लांब वायर टाकल्याशिवाय ही रस्त्यावर न्यायची नाही.

दादा : गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो रे. सरळच जाईन, वळणारच नाही.

वहिनी : आणि परत कसे येणार? रिव्हर्समध्ये? उतरा खाली. उद्या वायर आणू.

दादा : उद्यापर्यंत कुठे राहतेय ती इथे? बघ, बेकरीवाल्याचाच फोन.

(फोन वाजत राहतो.)

भाऊजी : घे की. काय ते सांगून टाक.

दादा : अगं, एक सांगू? हात पोचत नव्हता, ते खरंच. पण मी घाबरलो होतो गं. एकटा असतो तर पडलो असतो, उठलो असतो. तू मागे बसलेली असशील आणि माझा हात सुटेल, हे डोळ्यांसमोरून जाईना. म्हणून म्हटलं, गाडीच नको.

वहिनी : मग हे मला सांगायचं ना! मी इकडे हँडलला दोष देतेय.

दादा : आता सांगितलं.

वहिनी : मी मागे बसणारच आहे. तुम्ही डोळे मिटून चालवलीत तरी बसेन. फोन घ्या.

दादा : हॅलो... हो, मीच. नाही हो, येऊ नका... किमतीचं काही नाही, तुम्ही चांगलीच देत होतात... नाही, चालू नाहीये आत्ता, वायर आखूड पडतेय... दुरुस्त करून तुम्हाला? नाही, तसं नाही. मलाच लागणार आहे. माफ करा बरं का. ठेवतो.

भाऊजी : म्हणजे माझ्या शिंगांचं सार्थक झालं! चला, गाडी शेडमध्ये लावू. वहिनी, तुम्ही हँडल धरता का? मी मागून ढकलतो.

दादा : थांब. हँडल मी धरतो. तुम्ही दोघं ढकला.