विरघळलेलं बिस्किट

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन मैत्रिणी नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

"सासूबाईंचा अबोला सुटला का गं?"

"लग्नापासूनचा अबोला तो! पण परवा मी कॉफीचं गार पुडिंग करत होते. कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांचा थर, त्यावर क्रीम, असं लावत जायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं."

"ओव्हन नाही लागत?"

"छे! तेवढ्यात त्या पाणी प्यायला आल्या. माझं एक बिस्किट कॉफीतच विरघळलं. तर म्हणाल्या, 'इतकं भिजवतात का?'"

"तुझ्याशी बोलल्या?"

"स्वयंपाकघरात दुसरं होतं कोण?"

"मग तू काय केलंस?"

"पुढचंही विरघळू दिलं."

"अगं!"

"त्यांनी बाह्या सरसावल्या. म्हणाल्या, 'सरक बाजूला.'"

"आणि तू?"

"सरकले की!"