मुहूर्त गाठणारी घोडी

लोहाऱ्यात आमचा टांग्यांचा तबेला होता, हे आता कुणाला खरंच वाटत न्हाय. सीटा भरल्याबिगर न हलणाऱ्या जीपा आल्या, तरी धंदा आमच्या टांग्यांचाच बसला. शेवटी एकच घोडी उरली. जीपवाले शिवाप्पा आमच्या आबांना सारखं म्हणायचे, "इका ती घोडी!" आबांनी ती वरातीसाठी राखली.

औंदा शिवाप्पांच्याच पोराचं लग्न, ढोकीत. घोडी मांडवापाशी उभी, आन् बापलेकांची जीप उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलेली! मुहूर्त टळायला आला, तसे आबा घोडीवरनं जीपपाशी गेले आन् नवरदेवाला आपल्या पुढं बसवलं.

शिवाप्पा जीपमधूनच ओरडले, "आन् मी वो?"

आबा म्हणाले, "बसा की निवांत. सीटा भरल्या की निघंलच!"